प्यादेमात देणारी बद्रुन्निसा

बांगड्या भरताना बद्रुन्निसा हाताकडे बघत नसे, समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत असे. हाताचे काम तिची बोटे करीत. अंगठ्याखालचा गड्डा कुठे दाबला की हात निमुळता होतो, हे बोटांना ठाऊक होते. तोंडाकडे बघायचे कारण तिने मला एकदा सांगितले. "दुखायच्या आदी डोळ्यात येतं, गुरुजी. तितं थांबलं की बांगडी फुटत न्हाई." भरताना फुटलेली बांगडी मणियाराच्या अंगावर, अशी रीत आहे. तिच्या हातून ती क्वचितच फुटे.

खर्ड्याच्या शाळेत मी बदलून आलो तेव्हा ती नवी सून होती. माहेर काष्टीचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचायची हौस मोठी. पुडीला आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. नवरा इब्राहिम एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस गाडीवर. त्यामुळे घर आणि दुकान ती आणि तिचे सासरे चांदभाई असे दोघे मिळून बघत. चांदभाई म्हणजे उंच, किडकिडीत, दाढीला मेंदी लावणारा माणूस. उमेदीच्या काळात बांगड्यांचे हारे खांद्यावर घेऊन त्यांनी पंचक्रोशी पालथी घातली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते ओट्यावर बसून असत. पुढ्यात बहुतेक वेळा बुद्धिबळाचा पट असे.

हा पट कापडाचा होता. त्यावर काळी-पांढरी घरे नव्हती, नुसत्या शिवणीच्या रेघा. सोंगट्या लाकडी, अर्ध्या तांबड्या, अर्ध्या हिरव्या. नियम आपले देशी. प्यादे पहिल्या चालीपासून एकेक घरच पुढे जायचे. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता यायची. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर ती बुर्जी. तिला कोणी विजय म्हणत नसे. म्हणून त्याच्याकडे काहीतरी शिल्लक ठेवून मात करायची. आणखी एक नियम होता, तो पुढे फार महत्त्वाचा ठरला. शह नाही, पण समोरच्याला कुठलीच चाल उरली नाही, अशी खेळी करायला बंदी होती. चुकून झालीच तर समोरचा म्हणे, "कोंडलं की, परत घे." मग ती चाल परत घ्यायची आणि दुसरी करायची. त्यात कोणाचे काही बिघडत नसे.

डाव संपल्यावर कोण जिंकले हे चांदभाई विचारीत नसत. "कशानं?" एवढेच विचारीत. वजिराने मात म्हणजे त्यांच्या लेखी कोणालाही जमणारी गोष्ट. हत्तीने ठीक. घोड्याने केली तर मान हलवीत. आणि प्याद्याने मात केली, तर हरणारा माणूस उठून उभा राहून हात मिळवी. ती प्यादेमात. सगळ्यात लहान सोंगटीने सगळ्यात मोठीला गाठायचे, यात जिंकणाऱ्याची अक्कल दिसते आणि हरणाऱ्याचा मानही राहतो, असे ते म्हणत.

बाहत्तर साल कोरडे गेले. बाया खडी फोडायच्या कामावर जाऊ लागल्या. त्यांचे हात असे सुजले, की नेहमीच्या मापाच्या बांगड्या आत जाईनात. आणि घ्यायला यायचेही कोण? दुकान ओस पडले. चांदभाईंचा खेळातला जोडीदार कानिफनाथ सुतार मुलीकडे निघून गेला. समोर बसायला कोणी उरले नाही, तेव्हा त्यांनी सुनेला बसवले.

गल्लीत याची चर्चा झाली. शेजारच्या मालनबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन ओट्यापाशी थांबल्या.

"चांदभाई, सुनंला जुगार शिकवताय व्हय?"

"जुगार न्हाई मालनबाई, इल्म हाय."

"इल्मावर भाकरी भाजती का?"

"भाजायला जवारी कुटं हाय? असती तर कशाला बसलो असतो हितं?"

मालनबाई हसल्या आणि तिथेच टेकल्या. पुढे त्यांनाही डाव कळू लागला. निदान कोण अडचणीत आहे, एवढे त्या बद्रुन्निसाच्या पदरावरून ओळखत. अडचणीत आली की ती पदर कानामागे खोचत असे.

चार-सहा महिन्यांत ती सासऱ्यांना बरोबरीने खेळवू लागली. चांदभाईंची नजर कमी झाली होती हे खरे, पण त्यांना पट बघायची फारशी गरज नव्हती. सोंगट्या कुठे आहेत हे त्यांच्या ध्यानात असे.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे नुसत्या नावाच्या पावसाळ्यात, आइसलँडमध्ये बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. एक अमेरिकेचा, एक रशियाचा. दुपारच्या एसटीने पेपर येई. शाळा सुटली की मी तो घेऊन चांदभाईंच्या ओट्यावर जाई आणि वाचून दाखवी. त्यांनी दोन-तीन दिवस ऐकून घेतले आणि मग विचारले, "मास्तर, ह्यात हिंदुस्थानाचा कोन हाय?"

"ह्यात कोणी नाही."

"मग आपला कुटं हाय? कितवा हाय?"

मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. जागतिक संघटना नुकतीच खेळाडूंना गुणांचे आकडे देऊ लागली होती आणि त्यात वरच्या नावांत आपले कोणी नव्हते. आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मद्रासकडच्या एका खेळाडूला अकरा वर्षांपूर्वी मिळाला होता. त्याच्यावरचा ग्रँडमास्टरचा किताब देशात कोणाकडेच नव्हता.

"एवढ्या मोठ्या मुलखात एकच?"

"एकच."

चांदभाई दुखावले. "खेळ हितला. हत्ती हितला, उंट हितला. त्यांच्या मुलखात हत्ती हाय का? आन् नंबर त्यांचा!"

त्यांना बरे वाटावे म्हणून मी पंजाबातल्या एका माणसाची हकिगत सांगितली. तो एका जमीनदाराच्या पदरी होता, देशी नियमांवर वाढला होता, आणि त्याने विलायतेत जाऊन तिथले अजिंक्यपद तीनदा जिंकले होते. चांदभाई खूश झाले. पण आतून, बांगड्यांच्या माळा पुसता पुसता बद्रुन्निसाने विचारले, "गुरुजी, त्यानं तितले नियम शिकून घेतले असतील ना?"

"शिकावे लागलेच की."

"मग मलापन सांगा."

अशी सुरुवात झाली. प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाऊ शकते, राजा किल्ल्यात जातो, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचे हवे ते होते, समोरच्याला चाल उरली नाही तर डाव बरोबरीत, हे सगळे तिने एका दुपारी ऐकून घेतले. चांदभाई ऐकत होते. "प्यादं दोन घरं? फौजेतला शिपाई हाय का टोळ?" म्हणाले. पण त्यांनी तिला अडवले नाही. एवढेच ठरले, की त्यांच्यासमोर ती त्यांचा खेळ खेळेल आणि माझ्यासमोर नवा. पेपरात छापलेल्या चाली मांडून ती एकटीच तासन्‌तास बघत बसे. वर्षभराने मी तिच्याशी जिंकेनासा झालो.

त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत नगरच्या काही हौशी मंडळींनी बायकांसाठी बुद्धिबळाचे सामने ठेवले. जी पहिली येईल तिला पुण्याच्या मोठ्या सामन्यांना पाठवायचे, असे जाहीर झाले होते. मी बातमी दाखवली. तिने दोनदा वाचली.

"जाते," ती म्हणाली.

मी म्हणालो, "भाभी, तिथे कॉलेजात शिकलेल्या मुली असतील. पुण्याला तर त्याहून वरच्या."

"म्हनूनच जायचंय. हितं मला हरवायला कोनी न्हाई, म्हंजे मी भारी हाय का बाकीच्यांना येत न्हाई, हे कसं कळायचं? अब्बांनी इचारलं हुतं ना, हिंदुस्थान कितवा हाय? मला बगायचंय मी कितवी हाय. पुन्याला गेल्यावर कळंल."

तिला काय हवे होते ते इतके साधे होते. बक्षीस नको होते. पुण्याला जाऊन स्वतःचा क्रमांक बघायचा होता.

इब्राहिम म्हणाला, "जा की. पन तिकीट काढून जायचं. कंडक्टरची बायको म्हनून फुकट न्हाई." आणि तिकिटे त्यानेच काढली. चांदभाई म्हणाले, "मी येनार. मला दिसनार न्हाई, पन मी येनार."

नगरला एका वाचनालयाच्या दालनात पाच पट मांडले होते. बद्रुन्निसा काळ्या-पांढऱ्या लाकडी पटापुढे बसली तेव्हा क्षणभर बिचकली. मग तिने पदर कानामागे खोचला. चांदभाई भिंतीशी बाकावर, हात काठीवर ठेवून बसले. दर डावानंतर ती त्यांच्याजवळ जाई आणि ते विचारीत, "कशानं?" ती सांगे, "घोड्यानं." "हत्तीनं." ते मान हलवीत.

शेवटच्या दिवशी शेवटचा डाव श्रीरामपूरच्या मुक्ताशी होता. कॉलेजात शिकणारी, चटपटीत, दोन वेण्या घातलेली मुलगी. ती बद्रुन्निसापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होती. म्हणजे बद्रुन्निसाला पुण्याला जायचे तर हा डाव जिंकायलाच हवा होता. बरोबरी झाली तरी मुक्ताच जाणार.

डाव फार सुंदर झाला. मुक्ताने सुरुवातीला जोर लावला, बद्रुन्निसाने तो सोसला आणि मग हळूहळू एकेक सोंगटी काढून घेतली. जेवणाच्या सुमाराला मुक्ताकडे कोपऱ्यात अडकलेला राजा आणि पलीकडच्या कडेला, अजून जागचे न हललेले एक प्यादे, एवढेच उरले. बद्रुन्निसाकडे हत्ती, उंट आणि दोन प्यादी; एक मुक्ताच्या राजाच्या रोखाने पुढे सरकणारे, दुसरे मुक्ताच्या कडेच्या प्याद्याची वाट पुढे अडवून उभे. तिचा राजाही जवळ येऊन उभा होता. हत्ती राजाच्या उभ्या पट्टीत नेला की मात होती. मला दिसत होती. सगळ्यांनाच दिसत होती.

तिने हत्ती उचलला नाही. उंट हलवून कोपऱ्यातल्या राजाची शेवटची वाट बंद केली. तेव्हा मला कळले ती काय करते आहे. ती प्यादेमात करणार होती. हिशेब असा, की मुक्ताच्या कडेच्या प्याद्यासमोर दोन घरे मोकळी आहेत. ते एक घर पुढे येईल, तेवढ्यात आपले प्यादे एक घर पुढे. ते दुसरे घर येईल, तेवढ्यात आपले प्यादे राजाच्या अंगावर आणि मात. खर्ड्याच्या ओट्यावर हा हिशेब बरोबर होता. तिथे प्यादे एकेकच घर चालते.

मुक्ताने कडेचे प्यादे उचलले आणि एकदम दोन घरे पुढे ठेवले. समोर बद्रुन्निसाचे दुसरे प्यादे होते. ते तिथे अडकले. आता मुक्ताकडे हलवायला काही नव्हते, राजाही नाही. अजूनही हत्तीने मात होत होती. पण बद्रुन्निसाचा हात आधीच ठरवून निघाला होता. तिने राजाच्या रोखाचे आपले प्यादे एक घर पुढे सरकवले आणि हात मागे घेतला. शह नव्हता.

मुक्ता बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग तिने पंचांना बोलावले. पंच वाकून बघून म्हणाले, "चाल नाही. डाव बरोबरीत."

बद्रुन्निसाचा हात प्याद्याकडे अर्धा गेला. कोंडले की परत घ्यायचे, ही दीड वर्षाची सवय. मग तो थांबला. तिने तो मांडीवर ठेवला.

चांदभाईंना कोणीतरी सांगितले. ते काठी टेकत पटापाशी आले.

"राजाला चाल न्हाई तर ही चाल परत घ्यायची. डाव पुढं चालू."

"चाचा, इथे चाल परत नसते," पंच सौम्यपणे म्हणाले. "बरोबरी धरतात."

"बरोबरी? हिच्याकडं हत्ती, उंट, प्यादी. तिच्याकडं एक राजा आन् एक अडकल्यालं प्यादं. ही बरोबरी?"

"नियम आहे, चाचा."

"कुनाचा?"

"सगळ्या जगाचा."

चांदभाईंनी हाताने चाचपून खुर्ची शोधली आणि बसले. मुक्ताचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "ताई, मी हरलेच होते. मी राजा आडवा करणार होते."

"मग केला न्हाईस ते बरं केलंस," बद्रुन्निसा म्हणाली. "पुन्याला जाऊन चांगली खेळ. माज्या नावाला बट्टा लावू नको, मी तुझ्याशी बरोबरी केलीया." मुक्ता रडता रडता हसली.

परतीच्या गाडीत आम्ही तिघे एकाच बाकावर होतो. बद्रुन्निसा खिडकीशी. बरेच अंतर गेल्यावर चांदभाईंनी विचारले, "हत्तीनं मात हुती का गं?"

ती म्हणाली, "हुती, अब्बा."

"तुला दिसली हुती?"

"दिसली हुती."

"मग?"

तिने बाहेर बघितले. माळ, मग बोडकी बाभळ, मग पुन्हा माळ.

"तुमी बसला हुता ना," ती म्हणाली.

जामखेडला गाडी बदलायला उतरलो तेव्हा चांदभाईंनी माझा दंड धरला होता. तो न सोडताच ते सुनेला म्हणाले, "पुढल्या खेपंला मी येत न्हाई." रागाने नव्हे. एखादे ओझे खाली ठेवताना माणूस बोलतो तसे.

आणि ते गेले नाहीत. चौऱ्याहत्तरला पुन्हा सामने झाले तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीच होती, पण कारण ते नव्हते. ती निघाली तेव्हा ते ओट्यावरून म्हणाले, "जशी दिसंल तशी मार. मला सांगायचं न्हाई." मुक्ता त्या वर्षीही आली होती. या वेळी बद्रुन्निसाने तिला वजिराने मात केली, अगदी साधी, दोन चालींत दिसणारी. पटावरून उठताना तिने माझ्याकडे बघितले आणि लगेच नजर वळवली. ती पहिली आली.

पुण्याला इब्राहिम रजा काढून तिच्याबरोबर गेला. मी शाळेमुळे जाऊ शकलो नाही. आठवड्याने दोघे परतले. शाळा सुटल्यावर मी गेलो तेव्हा ओट्यावर मालनबाई आधीच हजर होत्या.

"काय गं, कप कुटाय?"

"कप न्हाई मावशी. शेवटून तिसरी आले."

"आगं बाई! आन् हसतीस कशाला?"

ती खरोखरच हसत होती. गेल्या दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर सतत असणारी एक अधीरता गेली होती. मला म्हणाली, "गुरुजी, तितं एक बाई हुत्या. पन्नाशीच्या. चष्मा, पिशवीत लोकरीचं इनकाम. माझी चाल चालू असली की त्या इनत बसायच्या. मला वाटलं, ह्यांना मी हरवनार. आन् मला कळायच्या आत डाव संपला. त्या पन मधल्याच नंबरावर हुत्या. त्यांच्या वर किती जनी! आन् ह्या सगळ्यांच्या वर अजून देश, आन् त्याच्यावर जग." तिने हाताने वर दाखवले, छपराकडे. "आता मला म्हाईत झालं मी कुटं हाय."

मला वाटले चांदभाई नाराज होतील. ते म्हणाले, "त्यो डाव मांड."

तिने कापडी पट अंथरला आणि त्या बाईंशी झालेला डाव पहिल्या चालीपासून मांडायला सुरुवात केली. प्यादी दोन-दोन घरे जात होती. चांदभाई एकेका चालीनंतर बोटांनी सोंगट्या चाचपत, थांबत, मग म्हणत, "पुढं." मालनबाईंची कामे खोळंबली असणार, पण त्या उठल्या नाहीत. डाव संपला तेव्हा चांदभाईंची बोटे कोपऱ्यातल्या हिरव्या राजावर होती. त्यांनी त्याच्या भोवतीची घरे पुन्हा एकदा चाचपली. मग विचारले,

"बेटा, ह्यातल्या कंच्या चालीला तू हरलीस?"

बद्रुन्निसाने पदर कानामागे खोचला आणि पटावर वाकली. "तेच शोधतीय, अब्बा," ती म्हणाली. "अजून सापडली न्हाई."

"मग पयल्यापासनं मांड," चांदभाई म्हणाले, आणि जागा करून देण्यासाठी पाय जवळ घेतले.